अवजारपट्टा

अवजारपट्टा किंवा टूल बेल्ट म्हणजे कारागिराने काम करताना कमरेभोवती बांधावयाचा, अवजारे व किरकोळ साहित्य ठेवण्यासाठी कप्पे, कड्या आणि पिशव्या जोडलेला पट्टा होय. सुतार, वीजतंत्री, नळ कारागीर, छत बसविणारे, खांबावर चढून काम करणारे तारमार्ग कर्मचारी, तसेच रंगमंच व चित्रपट क्षेत्रातील प्रकाशयोजना कर्मचारी अशा पट्ट्याचा वापर करतात. दोन्ही हात मोकळे ठेवणे आणि वारंवार लागणारी वस्तू न पाहता हाती येणे, हे त्याचे मुख्य प्रयोजन आहे. पट्ट्यावरचा भार कारागीर दिवसभर स्वतःच्या शरीरावर वाहतो. म्हणून पट्ट्याची निवड ही सोयीइतकीच आरोग्याची आणि सुरक्षिततेची बाब ठरते.

नाव

मराठी कामगारांच्या बोलण्यात 'बेल्ट', 'पाऊच' आणि 'हत्यारांची पिशवी' हे शब्द रूढ आहेत. लेखी मराठीत 'अवजारपट्टा' हा सुटसुटीत शब्द वापरता येतो. 'बेल्ट' या शब्दामुळे मात्र एक घोटाळा संभवतो. बांधकामाच्या जागी 'बेल्ट लावला का?' असे विचारले जाते, तेव्हा बहुधा उंचीवरून पडण्यापासून वाचविणारा सुरक्षापट्टा अभिप्रेत असतो. अवजारपट्टा आणि सुरक्षापट्टा या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत (पाहा : सुरक्षितता).

कामाला सिद्ध होणे या अर्थी मराठीत 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार आहे. धोतराचा काचा मारून किंवा कमरेला शेला आवळून कामास लागण्याची रीत त्यामागे आहे. कमरेचा आणि कष्टाचा संबंध भाषेत असा जुनाच आहे.

इतिहास

कमरेला अवजारे बाळगण्याची पद्धत प्रागैतिहासिक आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटलीच्या सीमेवर, बर्फात टिकून राहिलेले एका माणसाचे शव सापडले. 'ओट्झी' या नावाने ओळखला जाणारा हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या कातडी कंबरपट्ट्याला एक पिशवी शिवलेली होती. गारगोटीची तासणी, भोके पाडण्याचे टोकदार साधन, गारगोटीचे पाते, हाडाची आरी आणि अग्नी पेटविण्यासाठी वापरावयाची वाळलेली अळंबी अशा वस्तू तीत होत्या. नित्य लागणारी लहान साधने हाताच्या टप्प्यात ठेवण्याचे आजच्या पट्ट्याचे तत्त्व त्या पिशवीतही स्पष्ट दिसते.

युरोपात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत गृहिणी कमरेला 'शातलेन' नावाची साखळ्यांची जुडी लावीत. तिला कात्री, अंगुस्तान, किल्ल्या इत्यादी वस्तू लटकत. उत्तर अमेरिकेत लाकडी चौकटीची घरे बांधण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात पसरली. अशा घराच्या उभारणीत सुताराला जागा बदलत शेकडो खिळे ठोकावे लागत. त्यामुळे खिळ्यांसाठी कमरेला बांधावयाचा कापडी खिसेदार अंगोछा प्रचारात आला. पुढे त्याच्या जोडीला चामडी पिशव्या आणि हातोडी अडकविण्याची कडी आली आणि आजचा अवजारपट्टा आकारास आला.

तारायंत्राच्या प्रसाराबरोबर खांबावर चढून काम करणारा नवा कारागीरवर्ग निर्माण झाला. माथियास क्लाइन या जर्मन स्थलांतरिताने १८५७ मध्ये शिकागो येथे सुरू केलेला उद्योग अशा कारागिरांच्या पकडींसाठी प्रसिद्ध झाला. पट्टे आणि पिशव्याही या उद्योगाच्या उत्पादनांत आहेत. कामकऱ्यांच्या कपड्यांचे खिसे वारंवार फाटतात, या अडचणीवर जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचा उपाय शोधला. त्याचे एकस्व १८७३ मध्ये डेव्हिस व लिव्हाय स्ट्रॉस यांना मिळाले. चांगल्या अवजारपट्ट्याच्या ताणाच्या जागी आजही रिव्हेट आढळतात, ते याच कारणासाठी.

जपानमध्ये कमरेच्या अशा पिशवीला 'कोशिबुकुरो' म्हणतात. स्वीडनमध्ये मत्ती वीओ या वीजतंत्र्याने १९७५ मध्ये कामाच्या कपड्यांचा 'स्निकर्स' हा उद्योग सुरू केला. पट्ट्याऐवजी विजारीवरच लोंबते खिसे देण्याची पद्धत उत्तर युरोपात विशेष रूढ आहे.

भारतात पारंपरिक सुतार, लोहार, सोनार आदी कारागीर बहुधा जमिनीवर बसून काम करीत. अवजारे भोवती मांडलेली असत आणि कामाची वस्तू कारागिरापाशी येई. त्यामुळे त्यांना पट्ट्याची गरज भासली नाही. जेथे माणसाला चढावे किंवा रानात हिंडावे लागे, तेथे मात्र कमरेचे साधन निर्माण झाले. कोकणात आणि ठाणे, पालघर, रायगड या भागांत कोयता अडकविण्यासाठी कमरेला मागील बाजूस लाकडी आकडी बांधतात. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहावेत आणि कोयता क्षणात हाती यावा, ही तिच्यामागील दृष्टी अवजारपट्ट्याचीच आहे.

रचना

अवजारपट्ट्याचे साधारणतः चार भाग असतात.

मूळ पट्टा : हा सर्व भार कमरेवर तोलून धरतो. त्याची रुंदी बहुधा ५ ते ८ सेंटिमीटर असते. काही पट्ट्यांना आतून १० ते १५ सेंटिमीटर रुंदीचे मऊ अस्तर असते.

बक्कल : धातूचे एक वा दोन काट्यांचे बक्कल सावकाश निघते, परंतु घसरत नाही. दाबून उघडणारे प्लॅस्टिकचे बक्कल झटकन निघते, मात्र उन्हाने व धक्क्याने तडकू शकते.

पिशव्या व कड्या : काही पट्ट्यांत त्या कायमच्या शिवलेल्या असतात, तर काहींत सरकविता किंवा काढता येतात. कामागणिक अवजारे बदलणाऱ्यास दुसरा प्रकार सोयीचा पडतो. ज्याचे काम ठरावीक आहे, त्याला पहिला प्रकार अधिक मजबूत ठरतो.

खांदेपट्टे : हे ऐच्छिक असतात. ते कमरेवरील भाराचा काही अंश खांद्यांवर घेतात आणि पट्टा खाली घसरू देत नाहीत.

व्यवसायानुसार प्रकार

सर्व व्यवसायांना सोयीचा असा एकच पट्टा असू शकत नाही. कोणती वस्तू तासात किती वेळा लागते, यावर तिची पट्ट्यावरील जागा ठरते.

सुतार : मोजपट्टी, पेन्सिल, हातोडी, गुण्या, पटाशी, स्क्रू आणि खिळे यांची सुताराला सतत गरज असते. प्रमुख हाताच्या बाजूला अवजारे आणि दुसऱ्या बाजूला खिळे-स्क्रू अशी मांडणी सर्वसाधारण आहे. डावा हात खिळा उचलतो त्याच वेळी उजवा हात हातोडी काढतो, असा हा हिशेब असतो. रंधा व करवत पट्ट्यावर बाळगण्याजोगी नसतात.

वीजतंत्री व तारतंत्री : यांना पक्कड, टेस्टर, निरनिराळे पेचकस, तार सोलण्याचे साधन आणि चिकटपट्टी अशी अनेक बारीक, उभी अवजारे लागतात. म्हणून त्यांच्या पिशवीत अरुंद व खोल कप्पे जास्त असतात. बाहेर लोंबणारी धातूची साखळी वा कडी उघड्या विद्युत्‌भारित भागाला लागू शकते. ती नसलेली बरी. चामडे हे विजेपासून संरक्षण देणारे साधन नव्हे. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या चामड्यातून वीजप्रवाह वाहू शकतो.

नळ कारागीर : पाइप पाना वजनदार असतो. १४ इंची पोलादी पान्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. असा पाना कमरेला लटकविण्यापेक्षा पेटीत ठेवणे श्रेयस्कर. पट्ट्यावर लहान पाने, टेफ्लॉन टेप, मोजपट्टी व मार्कर एवढेच पुरे.

गवंडी : थापी, ओळंबा, दोरी व लेव्हल ही गवंड्याची नित्याची अवजारे होत. ओल्या सिमेंटचा गुणधर्म अल्कधर्मी असल्याने चामडे आणि त्वचा या दोहोंना त्यापासून अपाय होतो. त्यामुळे गवंडी थापी घमेल्यात वा शेजारी ठेवणेच पसंत करतात. पट्टा वापरावयाचा झाल्यास धुता येणारा कृत्रिम धाग्याचा असावा.

तारमार्ग कर्मचारी : खांबावर काम करणाऱ्यांची अवजारे पडू नयेत म्हणून ती खोल, बादलीसारख्या पिशवीत ठेवतात. त्यांचा शरीराला आधार देणारा पट्टा वेगळा, प्रमाणित असतो.

साहित्य

चामडे

चामडी पट्टा जड असला तरी दीर्घकाळ टिकतो आणि वापरानुसार अंगाला बसतो. कातड्याचा सर्वांत वरचा, न घासलेला, दाट तंतूंचा थर सर्वाधिक मजबूत असतो. खालचा फाडून वेगळा केलेला थर स्वस्त पडतो, पण लवकर ताणला जातो. चामड्याचा भुगा व डिंक दाबून केलेले पत्रे दिसण्यात चामड्यासारखे असले तरी भाराखाली तडकतात. त्यामुळे 'अस्सल चामडे' एवढ्या शिक्क्यावरून प्रत ठरत नाही. कापलेली कड निरखली असता तंतू सलग व दाट दिसले पाहिजेत. वाकविल्यावर पृष्ठभागाला भेगा पडत असतील किंवा थर सुटत असतील, तर ते चामडे टिकाऊ नव्हे.

चामडे कमाविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. क्रोमच्या क्षारांनी कमाविलेले चामडे मऊ असते व पाण्याला बऱ्यापैकी तोंड देते. झाडांच्या साली व फळे वापरून कमाविलेले चामडे ताठ असते आणि आकार धरून ठेवते. कोल्हापुरी चपलांचे चामडे याच दुसऱ्या प्रकारचे असून त्यासाठी बाभळीची साल व हिरडा वापरतात. या पद्धतीत चामड्यात टॅनिन राहते. टॅनिन, ओलावा आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग उमटतो. हिरडा व हिराकस यांपासून शाई करण्याच्या जुन्या कृतीमागील रासायनिक क्रियाही हीच होय. म्हणून ओल्या चामडी पिशवीत लोखंडी अवजारे रात्रभर ठेवल्यास पिशवी काळवंडते आणि अवजारे गंजतात.

कृत्रिम धागे

नायलॉन व पॉलिएस्टरचे पट्टे हलके असतात, पाण्याने कुजत नाहीत आणि धुता येतात. कापडाची जाडी 'डेनियर' या एककात सांगितली जाते. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचा डेनियर अंक. ६०० डेनियरचे कापड साध्या पिशव्यांना चालते. अवजारांसाठी १,००० डेनियर किंवा त्याहून जाड कापड इष्ट असते. एकाच धाग्याच्या दोन कापडांत अंक मोठा तितका धागा जाड. परंतु नायलॉन व पॉलिएस्टर यांची तुलना केवळ अंकावरून करू नये, कारण घर्षण सोसण्याच्या बाबतीत नायलॉन सामान्यतः सरस ठरते. कृत्रिम धाग्याची मोठी उणीव उष्णतेची आहे. वेल्डिंगच्या ठिणगीने त्याला भोक पडते. टोकदार अवजारे तळाशी शिरून कापड फाडतात, म्हणून तळाला चामड्याचे वा प्लॅस्टिकचे दुहेरी अस्तर असावे.

शिलाई

पट्ट्याची कसोटी बहुधा कापडापेक्षा शिवणीत लागते. पिशवी जेथे पट्ट्याला जोडलेली असते, तेथे दुहेरी शिलाई, आडवे टाके आणि रिव्हेट असणे आवश्यक आहे. सुती दोरा घामाने व ओलाव्याने कुजतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा जाड दोरा टिकतो. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली असता टाक्यांमधून उजेड दिसता कामा नये.

निवडीचे निकष

माप

विजारीचे माप हे पट्ट्याचे माप नव्हे. अवजारपट्टा कपड्यांच्या वरून आणि कटीच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकतो. म्हणून नेहमीचे कामाचे कपडे घालून, त्याच जागी टेप गुंडाळून माप घ्यावे. हे माप विजारीच्या मापाहून सामान्यतः काही इंचांनी अधिक भरते. बक्कल मधल्या छिद्रात बसेल असा पट्टा घेतला म्हणजे पावसाळी जाड कपडे किंवा शरीरातील बदल दोहोंना जागा उरते. बहुतेक पट्टे पुरुषी बांधा डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. रुंद कटीच्या व्यक्तींना, विशेषतः स्त्री कारागिरांना, सरळ कापलेल्या पट्ट्यापेक्षा कटीच्या उताराप्रमाणे वक्र कापलेला पट्टा नीट बसतो.

भार

भरलेल्या पट्ट्याचे वजन वापरणाऱ्याला वाटते त्याहून अधिक असते. उदाहरणार्थ, हातोडी ७०० ग्रॅम, पाच मीटरची मोजपट्टी ३०० ग्रॅम, पक्कड ३०० ग्रॅम, दोन पेचकस २०० ग्रॅम, पटाशी २०० ग्रॅम, खिळे व स्क्रू १ किलो आणि खुद्द पट्टा दीड किलो असे धरले, तर बेरीज ४.२ किलो होते. त्यात दीड किलोचे बॅटरीवरील ड्रिल अडकविले की ती ५.७ किलोवर जाते. हा भार चालताना, वाकताना आणि शिडी चढताना सोबत असतो. त्यामुळे पट्टा विकत घेण्यापूर्वी आपली अवजारे वजनकाट्यावर एकत्र ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. ज्या अवजाराला दिवसभरात एकदाही हात लागला नाही, ते पेटीत जावे.

जास्त कप्प्यांचा पट्टा म्हणजे चांगला पट्टा हा समज चुकीचा आहे. कप्पा रिकामा असला की त्यात काहीतरी टाकले जाते आणि भार नकळत वाढतो.

रुंदी व दाब

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. तोच भार दुप्पट रुंदीच्या पट्ट्यावर सारखा पसरला तर दाब निम्मा होतो. मात्र पट्टा पुरेसा ताठ असला तरच भार पूर्ण रुंदीवर पसरतो. लुळा रुंद पट्टा कडेला दुमडतो आणि तीच कड शरीरात रुतते. म्हणून आतून मऊ व बाहेरून ताठ अशी रचना उत्तम समजली जाते. अतिजाड अस्तर उन्हाळ्यात घाम धरते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

समतोल

एका हातात भरलेली बादली घेऊन चालणारा माणूस विरुद्ध बाजूला कलतो. दोन हातांत दोन बादल्या असल्या किंवा खांद्यावर कावड असली, तर तो सरळ चालतो. पट्ट्याचेही तसेच आहे. एकाच बाजूला भार असल्यास दुसऱ्या बाजूच्या पाठीच्या स्नायूंना दिवसभर ताण सोसावा लागतो. दोन्ही बाजूंचे वजन शक्य तितके समान असावे. पिशव्या अंगालगत असाव्यात, कारण भार शरीरापासून जितका दूर तितकी त्याची फिरकी अधिक.

डावा-उजवा हात

बाजारातील अनेक पट्टे उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी असतात. डावखुऱ्या कारागिराने तोच पट्टा वापरल्यास प्रत्येक वेळी हात अंगावरून पलीकडे न्यावा लागतो. डावखुऱ्यांसाठी उलट मांडणीचे किंवा पिशव्या सरकविता येणारे पट्टे उपलब्ध असतात.

प्रत्यक्ष चाचणी

रिकामा पट्टा कमरेला लावून त्याची सोय कळत नाही. तो स्वतःच्या अवजारांनी भरून चालावे, उकिडवे बसावे, वाकावे, एक पाय उंच उचलावा आणि हात डोक्यावर न्यावा. या हालचालींत पट्टा फिरला, मांडीला अवजार टोचले किंवा उकिडवे बसताना वस्तू बाहेर पडली, तर तो पट्टा त्या कामास अयोग्य समजावा.

आरोग्यावरील परिणाम

कमरेभोवती घट्ट व जड पट्टा दीर्घकाळ बांधल्यास मांडीच्या बाहेरील बाजूस संवेदना देणारी त्वचेची मज्जा कटीच्या हाडाजवळ दबू शकते. तेथे बधिरपणा, मुंग्या वा जळजळ जाणवते. या विकारास 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' असे म्हणतात. बर्नहार्ट यांनी १८७८ मध्ये व रोथ यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. ही मज्जा केवळ संवेदना वाहते, त्यामुळे पायाची ताकद जात नाही. म्हणूनच कारागीर अनेकदा या लक्षणाकडे दुर्लक्ष करतात. दाब दूर केल्यास बहुतेकांना आराम पडतो. पट्टा सैल करणे, भार कमी करणे आणि खांदेपट्टे लावणे हे प्राथमिक उपाय होत. लक्षणे टिकून राहिली, किंवा पायात अशक्तपणा जाणवला, तर वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे.

खांदेपट्ट्यांनी कमरेचा भार नाहीसा होत नाही, केवळ विभागला जातो. ते अति आवळल्यास मान व खांदे दुखू लागतात. मोठा अंश कटीच्या हाडांवर आणि उरलेला खांद्यांवर अशी विभागणी सोसते.

पाठीला आधार म्हणून बांधावयाचे रुंद लवचीक पट्टे ही निराळी वस्तू आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये अशा पट्ट्यांविषयीच्या उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. निरोगी कामगारांना ते पाठीच्या इजेपासून वाचवितात, असे सिद्ध होत नसल्याचा निष्कर्ष संस्थेने काढला. त्यामुळे 'पाठीला आधार देणारा' अशी जाहिरात असलेला अवजारपट्टा बांधून जास्त वजन वाहणे हिताचे नाही.

सुरक्षितता

अवजारपट्टा हा सुरक्षापट्टा नव्हे

अवजारपट्ट्याला दोर बांधून उंचीवर काम करणे प्राणघातक ठरू शकते. त्याचे बक्कल, शिवण व कड्या पडणाऱ्या माणसाचा झटका सोसण्यासाठी केलेल्या नसतात. शिवाय केवळ कमरेला बांधलेला कोणताही पट्टा, तो मजबूत असला तरी, पडताना सगळा आघात पोटावर व मणक्यावर घेतो. माणूस त्यातून निसटूही शकतो. याच कारणास्तव अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बांधकाम क्षेत्रात पडणे रोखण्याच्या साधनात कंबरपट्ट्याचा वापर नियमाने बंद झाला आणि पूर्ण अंगाला वेढणारा हार्नेस आवश्यक ठरला. भारतात अशा साधनांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३५२१ हे मानक आहे.

हार्नेस व अवजारपट्टा एकत्र वापरताना आधी हार्नेस नीट बसवून मग त्यावर पट्टा बांधावा. पट्ट्यामुळे हार्नेसच्या कड्या झाकल्या जाऊ नयेत किंवा मांड्यांचे पट्टे अडकू नयेत. हार्नेसची भारमर्यादा अवजारांसह मोजली जाते. अमेरिकी मानकात ती कपडे व अवजारे धरून सुमारे ५९ ते १४० किलो आहे. म्हणजे पट्ट्यावरील सहा किलो हे कारागिराच्या वजनात मिळवूनच मर्यादा पाहावी लागते.

खाली पडणारी अवजारे

अर्ध्या किलोची हातोडी १० मीटर उंचीवरून पडल्यास सुमारे दीड सेकंदात जमिनीवर येते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. परांचीखालून जाणाऱ्याला सावध होण्यासही अवधी मिळत नाही. म्हणून उंचीवर उघड्या कडीत लटकणारी हातोडी धोक्याची असते. झाकणाची पिशवी आणि अवजाराला बांधलेली प्रमाणित दोरी हा त्यावरचा उपाय होय. अमेरिकेत २०१८ मध्ये पडणाऱ्या वस्तू रोखणाऱ्या साधनांसाठी एएनएसआय/आयएसईए १२१ हे मानक प्रसिद्ध झाले. हलक्या अवजाराची दोरी पट्ट्याला बांधता येते. जड अवजाराची दोरी मात्र शरीराला न बांधता पक्क्या बांधकामाला बांधावी, अन्यथा अवजाराच्या झटक्याने माणसाचा तोल जातो.

अन्य दक्षता

पाठीच्या मध्यभागी, मणक्यावर, कठीण अवजार ठेवू नये. घसरून पाठीवर पडल्यास तेच अवजार मणक्याला इजा करते. धारदार व टोकदार अवजारे म्यानात आणि टोक खाली ठेवून असावीत. शिडी चढताना बाजूला फुगलेल्या पिशव्या शिडीच्या दांड्यात अडकतात, म्हणून जड वस्तू दोरीने वर ओढून घेणे बरे. फिरत्या यंत्रांजवळ लोंबणारे पट्टे व दोऱ्या काढून ठेवाव्यात. वाहन चालविताना अवजारपट्टा उतरवून ठेवावा.

निगा

आठवड्यातून एकदा पट्टा पूर्ण रिकामा करून झटकावा. तळाशी साचलेला भुसा व सिमेंट ओलावा धरून ठेवतात. चामडे भिजल्यास सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ ते कडक होऊन तडकते. वाळल्यावर चामड्याचे तेल अथवा मेण पातळ हाताने लावावे. अति तेलाने चामडे लुळे पडते. कोकण व गोव्याच्या दमट पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, तेव्हा पट्टा बंद पेटीत न ठेवता वारा लागेल असा टांगून ठेवावा. नायलॉनचा पट्टा साध्या साबणाने धुता येतो. उसवलेली शिवण, ढिला रिव्हेट किंवा तडकलेले बक्कल दिसताच दुरुस्ती करावी. चामडी पट्ट्याची दुरुस्ती गावातील चर्मकार कारागीर सहज करू शकतो, आणि मापाप्रमाणे नवा पट्टाही बनवून देऊ शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, सुतारकाम, नळ कारागीर आदी व्यवसायांचे शिक्षण दिले जाते. पट्ट्याची खरी गरज याच व्यवसायांत भासते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार व गवंडी यांसह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तीत पात्र कारागिरास अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी व कल्याणासाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा करण्यात आला आणि त्यानुसार राज्यात महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ स्थापन झाले.

धारावी हे मुंबईतील चामडी वस्तूंचे जुने केंद्र आहे. कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतींनी कमाविलेल्या ताठ चामड्याची ही परंपरा अवजारपट्ट्याच्या गरजेशी जुळणारी आहे.

पर्याय

ज्यांना कमरेवर भार सोसत नाही, त्यांच्यासाठी खिसेदार जाकीट, लोंबत्या खिशांची विजार, मांडीला बांधावयाची लहान पिशवी, पाठीवरची पिशवी किंवा चाकांची पेटी हे पर्याय आहेत. बादलीभोवती गुंडाळावयाचे खिसेदार कापडही वापरले जाते. एकाच जागी बसून चालणाऱ्या कामात पट्ट्यापेक्षा शेजारी मांडलेली पेटीच अधिक उपयोगी पडते.

हे सुद्धा पहा

सुतारकाम
वीजतंत्री
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
सुरक्षापट्टा
कोल्हापुरी चप्पल
श्रमशास्त्र